सभेच्या पडद्यावरची गयाबाई

सभेच्या मंचामागं जे लांबरुंद कापड ताणून बांधतात, त्याला आम्ही पेंटर लोक पडदा म्हणायचो. आता तिथं फ्लेक्स असतो. संगणकात फोटो टाकला की तासाभरात माणूस दहा फूट उंच होऊन बाहेर पडतो. आमच्या वेळी त्याच माणसाला दहा फूट करायला दोन दिवस लागायचे, आणि त्या दोन दिवसांत त्याच्या नाकाकानाची तर ओळख व्हायचीच, स्वभावाचीही व्हायची.

माझं दुकान जाफराबादला, बसस्टँडच्या कुंपणाला लागून होतं. पाटीवर ‘प्रभाकर आर्ट्स’ लिहिलेलं, पण तालुक्यात सगळे परभाकर पेंटरच म्हणत. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं हे बारमाही काम. खरा हंगाम निवडणुकीचा. त्यातही जिल्हा परिषदेचा.

बाहेरच्या माणसाला हे थोडं समजावून सांगावं लागतं. जिल्हा परिषदेचा एक गट असतो आणि त्याच्या पोटात पंचायत समितीचे दोन गण. गटाचा उमेदवार आणि गणाचे उमेदवार एकाच जीपमध्ये फिरतात, एकाच पडद्यावर येतात, भाषणात एकमेकांना ‘माझे जोडीदार’ म्हणतात. ही जोडी किती घट्ट आहे ते मतदारांच्या आधी पेंटरला कळायचं, कारण भांडायला ते पहिल्यांदा आमच्याकडं यायचे. एक गृहस्थ रोज सकाळी सुतळी घेऊन यायचे आणि पडद्यावरच्या जोडीदाराचं डोकं मोजायचे. “माझ्यापेक्षा बोटभर मोठं झालंय, पेंटर. कमी करा.” दुसऱ्या एकाचं नाव दोन अक्षरी होतं आणि जोडीदाराचं आडनावासकट तेरा अक्षरी. दोघांची नावं सारखी लांब दिसली पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. मी ती दोन अक्षरं एवढी ताणली की गावात लोकांनी ते दोन वेगवेगळ्या माणसांचं नाव म्हणून वाचलं.

कापड मांजरपाटाचं. त्याला आधी खळ द्यायची, नाहीतर रंग पसरतो. मग खडूत घोळलेली दोरी दोन टोकांना धरून टणकन सोडायची, की सरळ रेघ उठते. शेवटी कापडाला जागोजागी अर्ध्या चंद्रासारखे काप द्यायचे, म्हणजे वारा आरपार जातो. काप द्यायचे विसरलात तर ऐन भाषणात पडदा शिडासारखा फुगतो आणि मंचावरचे लोक पुढं ढकलले जातात. आमच्या हातून हेही एकदा झालंय.

आमच्या म्हणजे माझ्या आणि किसनच्या. अक्षरं माझी, चेहरे त्याचे.

किसनच्या घरी मेंढरं होती. पाचवीनंतर शाळा सुटली आणि तो बापामागं कळप घेऊन फिरायला लागला. मुक्काम पडेल तिथल्या भिंतीवर कोळशानं मेंढरं काढायचा. कळपातलं नेमकं कोणतं मेंढरू काढलंय ते बाप चित्र बघून ओळखायचा, असं तो सांगायचा. माझी त्याची भेट माहोऱ्याच्या बाजारात झाली. मी एका भिंतीवर उमेदवार काढत होतो. मागं खांद्यावर घोंगडी टाकलेला एक जण बराच वेळ उभा होता. शेवटी त्यानं विचारलं, “ह्यो माणूस बिमार हाय का?”

मी चिडून ब्रश त्याच्या हातात दिला. त्यानं सगळ्यात आधी कान पुसला आणि नव्यानं काढला. “कान बराबर बसला की बाकीचा माणूस आपोआप येतो,” म्हणाला. त्या दिवसापासून आम्ही एकोणीस वर्षं एकत्र काम केलं. पडद्याच्या डाव्या टोकाला तो बसायचा, उजव्या टोकाला मी. तो चेहरे करत इकडं सरकायचा, मी आधी खडूनं आखून ठेवलेली अक्षरं रंगवत तिकडं. मध्यावर आमचे खांदे एकमेकांना लागले की समजायचं, आता चहा.

तर ती गयाबाईची निवडणूक.

गयाबाईचं गाव पूर्णेच्या काठी. एसटी फाट्यावर थांबायची आणि फाट्यापासून गाव अडीच-तीन किलोमीटर आत. त्यामुळं सातवी झाली की पोरींची शाळा बंद व्हायची. गयाबाई स्वतः शाळेत गेलेली नव्हती. तिनं गावातल्या दहाबारा बायका गोळा केल्या आणि फाट्यावर एसटीच्या पुढं बसली. ओळीनं तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी गाडी गावात वळली, ती कायमची. पुढं त्यांचा गण महिलांसाठी राखीव निघाला, तेव्हा गटाचे उमेदवार बापूसाहेब स्वतः तिच्या दारात गेले आणि तिला जोडीदार म्हणून घेऊन आले. बापूसाहेब म्हणजे मोठे बागायतदार, एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या भिंती वर्षानुवर्षं आम्हीच रंगवत होतो.

पडद्यासाठी त्यांनी दोन फोटो पाठवले. एक त्यांचा, दुसरा गयाबाईच्या नवऱ्याचा, लिंबाजीचा. तेव्हा तशीच रीत होती. खाली बाईचं नाव आणि वर मालकाचा फेटा. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

किसननं लिंबाजीचा कान काढायला घेतला होता, तेवढ्यात नवराबायको दोघंही दुकानात आले. बाजाराचा दिवस होता. गयाबाई कापडाजवळ वाकून बघायला लागली.

“हे कुणाचं काढून राह्यले?”

“तुमच्या मालकाचं,” मी म्हणालो.

“उभं कोण राह्यलंय?”

लिंबाजी मागं उभा होता. तो हसला. “मी बी हेच म्हणलो हिला. माझ्याकडं बघून कोण मत देईल?”

“पण बापूसाहेबांनी हाच फोटो दिलाय.”

“मंग त्यांना सांगा, बाईनं बसून काढून घेतलं.”

किसननं काढलेला कान पुसून टाकला आणि पायरीवर पोतं अंथरलं. “बसा अक्का. हसरं काढू का?”

“नको. हसून आल्ती का एसटी गावात?”

ती दोन तास बसली. मधेच लिंबाजीनं पदर नीट करायला सांगितलं, तर म्हणाली, “राहू द्या, रोज असाच असतो.” किसन इतका रमून काम करताना मी फार कमी वेळा पाहिला. पुढाऱ्यांचे चेहरे तो गुळगुळीत करायचा, ते तशी मागणीच करायचे. गयाबाईच्या कपाळावरची एकही रेघ त्यानं सोडली नाही. झाल्यावर ती उठली, कापडासमोर उभी राहिली आणि बराच वेळ स्वतःकडं बघत राहिली. मग मला विचारलं, “यातलं माझं नाव कोणतं?”

मी पट्टीनं दाखवलं. ‘ग’पासून ‘ई’पर्यंत. तिनं हवेतच बोट फिरवून मोजलं.

“चारच?”

“चारच.”

“बापूसाहेबांचं लई लांब हाय.”

“त्यांच्या मागंपुढं पदव्या हायत.”

“असू द्या,” ती म्हणाली. “आपली चार दिसतील एवढी ठळक लिहा.”

मी ती ठळक लिहिली. तालुक्यात तेव्हा बाई उमेदवाराचा स्वतःचा चेहरा असलेला पडदा दुसरा नव्हता. तो बघायला लोक दुकानावर यायचे.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी पुढारी मिरवणूक काढून तहसीलवर जातात, तीनला अर्जाची मुदत संपते आणि चारला बाजारतळावर सभा. गयाबाईनं दोन अर्ज दोन दिवस आधीच भरले होते, एक पक्षाचा आणि एक अपक्ष. जादाचा अर्ज सगळेच भरून ठेवतात. पक्षाचं अधिकृत पत्र मात्र शेवटच्या दिवशी जोडलं जातं. ज्याच्या अर्जाला पत्र तो उमेदवार, पक्षाचे बाकीचे अर्ज आपोआप बाजूला.

आम्ही सकाळी पडदा बांधला. किसन खाली उभा राहून ‘डावं टोक वर, वर’ असं सांगत होता. दुपारी दोनच्या सुमाराला बापूसाहेबांची जीप थेट मंचाला येऊन लागली.

“पेंटर, गयाबाईचं काढायचं,” ते खाली न उतरताच म्हणाले. “तिथं सौ. मंदाताई येतील. फोटो त्यांच्या मालकाचा टाका. वेळ नसंल तर नुसतं नाव टाका.”

मंदाताई म्हणजे त्यांच्या व्याह्यांची सून. पत्र तिच्या अर्जाला जोडलं होतं.

किसन पुढं आला. “गयाबाईला सांगितलं का?”

“सभेत कळंल. समजूत काढू तिची.”

“आधी तिला सांगा. तंवर माझा हात लागणार न्हाई.”

बापूसाहेबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते. “परभाकर, चारच्या आत झालं पाहिजे,” म्हणाले आणि जीप वळवली.

किसन म्हणाला, “तू पण हात लावू नको.”

“अरे, चारला सभा हाय.”

“सभा त्यांची हाय. चेहरा आपण काढलाय.”

माझा धाकटा भाऊ बापूसाहेबांच्या शाळेत शिपाई होता. पाच वर्षं झाली तरी कायम झाला नव्हता. किसनला हे माहीत होतं. मी ते बोललो नाही, तोही बोलला नाही. त्यानं फडक्याला हात पुसले आणि बाजारतळ ओलांडून चालता झाला. मला वाटलं, चहा प्यायला गेला. येईल.

मंचावर टेबल ठेवून मी चढलो. पांढऱ्याचा पहिला हात मारला, पण चेहरा गेला नाही. धुक्यातून माणूस दिसावं तशी गयाबाई दिसतच होती, कपाळावरच्या रेघांसकट. दुसरा हात मारला. तरी डोळ्यांची जागा समजत होती. शेवटी निळा रंग घेतला, सगळा चौकोनच निळा करून टाकला आणि त्यावर पिवळ्यानं ‘सौ. मंदाताई’ लिहिलं. खालची चार अक्षरं पुसायला दोन मिनिटंही लागली नाहीत. अक्षर लवकर जातं.

मी टेबलावरून उतरत होतो तेवढ्यात ट्रॅक्टर आले. गयाबाईच्या गावातल्या बायका दोन ट्रॉल्या भरून आल्या होत्या, हातात झेंडे, सगळ्या तिच्याच नावानं ओरडत. तिला कुणीही काही कळवलं नव्हतं. ती ट्रॉलीतून उतरली, मंचाकडं बघत चालत आली आणि अर्ध्यावर थांबली. मग आणखी पुढं आली. माझ्या हातात ब्रश होता, बोटं निळी झालेली.

“पेंटर, माझं नाव कुठं हाय?”

मी ब्रश पाठीमागं नेला.

“तुम्हीच दाखवलं होतं मला,” ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, काहीतरी उत्तर सुचलं असतं. बापूसाहेबांचा एक कार्यकर्ता धावत येऊन तिच्या हातातला झेंडा धरून काहीबाही समजावायला लागला. तिनं झेंडा त्याच्याच हातात सोडला आणि बायकांकडं वळली. “चला गं. ही आपली सभा न्हाई.” आल्या तशा त्या सगळ्या ट्रॉलीत चढल्या. सभा झाली, भाषणं झाली, बापूसाहेबांनी नव्या जोडीदाराची ओळख करून दिली. मंदाताईऐवजी त्यांचे मालक हात जोडून उभे राहिले.

मी दुकानावर आलो तर किसनचा ब्रशांचा डबा जागेवर नव्हता.

तो गयाबाईकडं गेला होता. तिनं अपक्ष अर्ज मागं घेतला नाही, चिन्ह कपबशी मिळालं. किसननं गणातल्या गावागावांत भिंतीवर तिचा चेहरा काढला. लोक आपणहून भिंत चुना मारून द्यायचे, असं नंतर कळलं. एकदा प्रचाराच्या जीपमधून जाताना मीही एक भिंत पाहिली. चेहरा असा, की आता बोलेल. खालचं नाव मात्र किसननंच लिहिलेलं. रेघ वाकडी, ‘बा’ला ‘या’पेक्षा उंच केलेलं, ‘ई’ पार कोपऱ्यात दाटलेली. माझ्या हाताला नुसती शिवशिव सुटली. उतरावं, खडूची दोरी मारावी आणि ती चार अक्षरं सरळ करून द्यावीत असं वाटलं. जीप थांबव म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण नाही थांबवली.

गयाबाई निवडून आली. बापूसाहेबही निवडून आले. आणि पंचायत समितीत आपला सभापती करायला त्यांना एक मत कमी पडत होतं. आठच दिवसांत ते दुकानावर हजर. “अभिनंदनाचा बॅनर करा. गयाबाईचा चेहरा माझ्या शेजारी, सारख्या मापाचा.” मी म्हणालो, मला चेहरा येत नाही. “मंग किसनला आणा,” ते म्हणाले.

मी किसनच्या घरी गेलो. तो अंगणात घोंगडी उन्हात टाकत होता. मी निरोप सांगितला. त्यानं एवढंच विचारलं, “तिला विचारलं का?”

बाजारतळावर बापूसाहेबांना विचारला होता, जवळपास तोच प्रश्न. मी परत फिरलो. बॅनर झाला नाही. गयाबाईही पाच वर्षं कुणाच्या शेजारी बसली नाही.

त्याच साली माझा भाऊ कायम झाला.

पुढं दोनतीन वर्षांत जालन्याहून फ्लेक्स यायला लागले आणि मांजरपाटाचे दिवस संपले. किसनची मुलगी सुनीता बदनापूरला दिलेली, जावई तिथल्या कृषी संशोधन केंद्रात कामाला. किसन तिच्याकडं राहायला गेला. केंद्राच्या प्लॉटवर पिकांच्या वाणांच्या पाट्या लिहायचं काम त्याला मिळालं, म्हणजे अक्षरांचं. कशी लिहिली असतील कोण जाणे. मी नंबरप्लेटा, शटरवरची नावं असं करत दुकान ओढलं आणि गुडघे गेल्यावर बंद केलं. लग्नकार्यात एकदोनदा भेट झाली. “बरं हाय का?” “बरं हाय.” तेवढंच.

लोक विचारतात, फ्लेक्सनं तुमचं पोट मारलं, राग येत असंल. खरं सांगायचं तर फ्लेक्सचा राग मला कधी आला नाही. मला आठवण येते ती वेगळीच. सकाळची वेळ, फरशीवर पंधरा हात पांढरं कापड अंथरलेलं, घासलेटाचा वास, आणि पलीकडच्या टोकाला कुणीतरी गुणगुणत बसलेलं. मान वर न करताही ते माणूस तिथं आहे हे माहीत असणं. आजही घरी एखादी पाटी लिहायला बसलो की मी नकळत उजव्या बाजूनं सुरुवात करतो. डावीकडून कुणी येणार नाही, हे अर्ध्यावर लक्षात येतं.

यंदा गटागणाच्या निवडणुका लागल्या, जिकडंतिकडं जोडीदारांचे फ्लेक्स लागले, आणि मला राहवलं नाही. बदनापूरला गेलो. वाटेत एकच वाक्य मनाशी घोकत होतो.

किसनला आता काचबिंदू आहे. उजेड आणि हलणारी सावली एवढंच दिसतं. मी दारात उभा राहून सुनीताशी बोललो, तर आतून आवाज आला, “परभाकर? आत ये की.”

आम्ही तासभर बोललो. मेंढरांचं, माहोऱ्याच्या बाजाराचं, कोण कोण गेलं त्याचं. मग त्यानं विचारलं, “गयाबाई हायत का?”

“हायत. पंचायत समितीत असताना एकदा आल्त्या दुकानावर. गावच्या एसटी थांब्याची पाटी लिहून घ्यायला. तंवर त्या वाचायला शिकल्या होत्या. एकएक अक्षर स्वतः वाचून पाह्यलं आणि मंगच नेली. तुझं विचारत होत्या.”

“मंग तू लिहून दिली?”

“दिली.”

“बराबर केलं,” किसन म्हणाला.

आता बोलावं, असं मला वाटलं. वाक्य तयारच होतं. तेवढ्यात सुनीता चहा घेऊन आली, तिच्या मागोमाग शेजारची दोन माणसं आली, ‘आबांचे दोस्त आलेत का’ म्हणून. विषय निवडणुकीवर गेला. पाचच्या गाडीला मी निघालो. किसन भिंतीला हात लावत दारापर्यंत आला आणि मी गेल्यावरही, सुनीतानं नंतर फोनवर सांगितलं, बराच वेळ तिथंच उभा होता.

मी निघताना ती आणखी एक गोष्ट बोलली होती. दुपारी ती त्याला पेपर वाचून दाखवते. दिवाळीत अंक आणते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचते. जाहिरातीसुद्धा, कारण त्यातली चित्रं कशी आहेत ते त्याला ऐकायचं असतं. म्हणून या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहाल का विचारल्यावर मी लगेच हो म्हणालो.

किसन, तो पहिला पांढरा हात माझा होता. कुणी माझा हात धरून मारायला लावला नव्हता. भावाची नोकरी हे कारण होतं, पण ते मी तुला तोंडानं सांगितलं असतं तर तू काहीतरी वाट काढली असतीस. मी सांगितलंच नाही. तू चहा प्यायला गेलास असं समजून मी त्या संध्याकाळी दोन कप सांगितले होते. माझं चुकलं. गयाबाईला मी हे पाटी देताना सांगितलं, तुला सांगायला एवढी वर्षं लागली.

सुनीता, एवढं वाचून झालं की त्याला थोडा वेळ एकटं बसू दे. आणि मग तो काय म्हणाला ते मला फोन करून कळव. शिव्या दिल्या तर त्याही सांग, एकही गाळू नको.